प्रवासी उतरले, पाणी चढले

रमजानचे दिवस होते. मगरिब आटोपून आम्ही गच्चीवर गेलो ते वाळत घातलेले कपडे काढायला. बेलवलीत इमारती किती वाढल्या हे गच्चीवर चढल्याशिवाय कळत नाही. तरी दोन टॉवरांच्या मधल्या फटीतून मलंगगड-चंदेरीची रांग अजून दिसते, एवढे अल्लाहचे शुक्र. त्या संध्याकाळी रांगेच्या उतारावर एक तांबडी रेघ उमटली होती. धाकटी लेक मागोमाग आली होती. ती म्हणाली, "अब्बू, उरूस आहे का? डोंगरावर लायटिंग केलीय."

उरूस होऊन गेला होता. ती रेघ हळूहळू वर सरकत होती, मध्येच तुटत होती, पुन्हा जुळत होती. वणवा होता. आम्ही थोडा वेळ पाहत राहिलो, कपडे गोळा केले आणि खाली उतरलो. खरे सांगायचे तर दर उन्हाळ्यात दिसणाऱ्या गोष्टीची सवय होऊन जाते. खाली चहा वाट पाहत होता.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गातला एक मुलगा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. डोंगराखालच्या एका वाडीतून तो रोज चालत, मग टमटमने येतो आणि पावसाळा सोडला तर सहसा गैरहजर राहत नाही. चौथ्या दिवशी आला तेव्हा त्याच्या अंगाला धुराचा वास येत होता. वाडीच्या वरच्या अंगाला गवत पेटले होते. बाप्ये, बाया, पोरे सगळी हिरव्या फांद्या घेऊन रात्रभर झोडपत होती. घरे वाचली. पण दोन बैलांना पावसाळ्यापर्यंत पुरायचा पेंढा गंजीसकट गेला. बापाच्या पायातल्या प्लास्टिकच्या चपला वितळून तळव्याला चिकटल्या, म्हणून मुलाला घरी थांबावे लागले.

हे सगळे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. विचारले तेवढेच सांगितले. तास संपून आम्ही निघालो तेव्हा मात्र पाठीमागून आला आणि म्हणाला, "सर, मोबाइलवर बघितलं. लाल पानी टाकनारं इमान असतं. ते आपल्याकडं का नाय येत?"

आम्ही शिक्षकी उत्तर दिले. "फार खर्चिक असतं रे ते." तो "हां" म्हणाला आणि गेला.

तरावीहनंतर पडल्या पडल्या हे उत्तर आम्हालाच टोचू लागले. वीस वर्षे मुलांना शिकवतो आहोत. "खर्चिक असतं" हे उत्तर नसते, ते दार लावून घेणे असते. ते विमान कसले, कोठून येते, किती पाणी नेते, याची आम्हाला तरी कोठे माहिती होती? मग पुढचे काही दिवस सहेरीनंतरचा वेळ त्यातच घालवला. जे हाती लागले ते आधी त्या मुलाला सांगितले आणि आता या पानावर मांडतो आहोत.

पहिले आश्चर्य हे की ती विमाने वणव्यासाठी बनवलेली नाहीतच. त्यांतली बरीचशी काल-परवापर्यंत माणसे वाहणारी विमाने होती. कोणी त्यांत बसून नोकरीच्या मुलाखतीला गेले असेल, कोणी नव्या नवरीला घेऊन सासरी. खिडकीशी बसायचे म्हणून भावंडे भांडली असतील. पुढे कंपनीने ती मोडीत काढायला घेतली आणि कोणीतरी खुर्च्या उपटून त्यात पाण्याची टाकी बसवली.

यात सर्वांत जास्त नाव झाले ते ब्रिटिशांच्या बी.ए.ई. 146 या विमानाचे. ते 3 सप्टेंबर 1981 रोजी पहिल्यांदा उडाले. छोट्या शहरांना जोडणारे, सत्तर ते शंभर माणसांचे, चार इंजिनांचे जेट. पुढे त्याचीच सुधारलेली आवृत्ती आर.जे. 85 या नावाने आली. दोन्ही मिळून चारशेच्या आतच बनली. आवाज अगदी कमी, म्हणून शहराच्या मधल्या विमानतळावर त्याला मुभा मिळे. इंग्लंडच्या राजघराण्याच्या दिमतीलाही हेच विमान होते. आपल्या शेजारचे उदाहरण हवे तर भूतानच्या ड्रुक एअरने डोंगरांच्या बेचक्यातल्या पारो विमानतळावरून कोलकाता-दिल्लीला वर्षानुवर्षे याच विमानातून प्रवासी आणले-नेले.

त्याचा एकच दोष होता. इतक्या लहान विमानाला चार इंजिने म्हणजे चौघांचे कुटुंब आणि चार चुली. दोन इंजिनांची नवी विमाने आली तशी कंपन्यांना याचे तेल आणि देखभाल परवडेना. वैमानिक तर बी.ए.ई. या अक्षरांचा अर्थ गमतीने 'ब्रिंग अनदर इंजिन' असा लावत, म्हणजे आणखी एक इंजिन घेऊन या. अशी विमाने एकामागून एक निवृत्त होऊ लागली आणि स्वस्तात मिळू लागली.

नेमकी त्याच सुमारास अमेरिकेत वणव्याच्या विमानांची वाट लागली होती. हा भाग जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे. तिथे कित्येक दशके लष्कराची जुनी विमाने, काही तर दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची, पाणी टाकायला वापरत. 17 जून 2002 रोजी कॅलिफोर्नियातल्या वॉकर गावाजवळ एक सी-130ए विमान आगीवर द्रव टाकत असतानाच त्याचे पंख धडापासून सुटले. तिघे गेले. महिनाभरात, 18 जुलैला, कोलोरॅडोत दुसऱ्या एका जुन्या विमानाचा पंख असाच तुटला. दोघे गेले. गोळी लागली नव्हती, कशाला धडकले नव्हते. धातू थकला होता.

धातू थकणे म्हणजे काय, हे आम्ही वर्गात तारेने दाखवले. तार एकदा वाकवा, काही होत नाही. तिथेच परत परत वाकवत राहा, एका क्षणी हातात दोन तुकडे येतात. आगीवर उडणारे विमान असेच वाकत असते. आगीमुळे हवा खदखदत असते, विमान दरीत उतरते, एकदम वजन टाकते, एकदम वर उचलले जाते. शांत आकाशात दहा वर्षांत पंखावर जेवढा ताण येईल तेवढा इथे फार लवकर येतो. म्हणून 2004 साली अमेरिकेच्या वनखात्याने अशा 33 मोठ्या विमानांचे करार एका फटक्यात रद्द केले. आगी मात्र रद्द झाल्या नाहीत.

मग शोध सुरू झाला जेट विमानांचा, ज्यांचे वय कळते, ज्यांच्या प्रत्येक उड्डाणाची वही ठेवलेली आहे, ज्यांचे सुटे भाग अजून मिळतात. मोंटाना राज्यातल्या मिसुला गावची नेपच्यून एव्हिएशन ही कंपनी तोवर नेपच्यून नावाची जुनी नौदली विमाने चालवत होती. कंपनीचे नावही त्यावरूनच. तिने 2011 मध्ये पहिले बी.ए.ई. 146 आगीवर नेले. कॅनडातल्या ॲबट्सफोर्डच्या कॉनएअर कंपनीने आर.जे. 85 निवडले आणि 2014 पासून ती विमाने अमेरिकेत व पुढे ऑस्ट्रेलियातही दिसू लागली.

या विमानात असे काय होते? पंख धडाच्या वर बसवलेले, त्यामुळे वैमानिकाला खालचे बरेच दिसते आणि पंख झाडोऱ्यापासून लांब राहतो. चार इंजिने असल्याने वजन पाठीवर घेऊन चढण चढायची ताकद आहे. जो दोष होता तोच इथे गुण ठरला. शेपटीला दोन मोठी झापे आहेत, ती फुलासारखी उघडतात आणि विमान वेग न वाढवता डोंगरउतारावरून खाली येऊ शकते. धावपट्टीही फार लांब लागत नाही.

आता टाकी. दोन कंपन्यांनी दोन वाटा धरल्या. नेपच्यूनने खुर्च्या, संडास, सामानाचे कप्पे काढून टाकी प्रवाशांच्या जागी आत बसवली. कॉनएअरने टाकी बाहेरून, घोड्याच्या पाठीवर खोगीर घालावे तशी पोटाला वेढून घातली. दोघांचीही क्षमता सारखीच, तीन हजार अमेरिकी गॅलन, म्हणजे अकरा हजार लिटरांहून थोडे अधिक.

अकरा हजार लिटर! आकडा ऐकून मुलांनी डोळे मोठे केले. आम्ही म्हटले, थांबा. मे महिन्यात आपल्या सोसायटीत पाण्याचा टँकर येतो तो केवढ्याचा? दहा हजार लिटरचा. म्हणजे ते अजस्र विमान आपल्या एका टँकरपेक्षा जरासेच जास्त पाणी नेते. शंभर माणसे सामानासकट धरली तर वजन दहा टनांच्या आसपास जाते. माणसे उतरली, तेवढेच पाणी चढले, एवढा हा हिशेब. एका मुलीने लगेच विचारले, मग टँकरच का नाही नेत? बरोबर आहे. जिथे टँकर जातो तिथे विमानाची गरजच नसते.

टाकी बसवणे ही पखालीसारखी साधी गोष्ट नाही. अर्धवट भरलेल्या हंड्यात पाणी कसे डचमळते ते बायाबापड्यांना सांगायला नको. हवेत दहा टन पाणी डचमळले तर विमान कोलमडेल, म्हणून टाकीत आडवे पडदे असतात. खालची दारे संगणक उघडतो आणि पाणी एकसारख्या धारेने सोडतो, नाहीतर आधी धबधबा आणि मग ठिबक असे होईल. वैमानिक किती दाट पट्टा हवा ते आधी ठरवतो: विरळ गवताला पातळ, दाट झाडीला जाड. विमान झाडांच्या शेंड्यांपासून पन्नास-साठ मीटरवर येते, म्हणजे आमच्याकडचे नवे वीस मजली टॉवर आहेत ना, त्याच्या गच्चीइतके. वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, जेटच्या मानाने रांगणेच. एवढे वजन काही क्षणांत निघून गेले की विमान उसळी घेते आणि त्याला दाबून धरावे लागते. पुढे बहुधा एक छोटे विमान वाट दाखवत असते, कारण धुरात चूक सुधारायला वेळ नसतो.

ते लाल काय असते? आम्हाला वाटायचे, काही भारी रसायन असेल. मुख्यतः ते अमोनियम फॉस्फेट असते, म्हणजे शेतकरी ज्याला डीएपी म्हणून ओळखतात त्याच घरातले. पाणी, हे खत, दाटपणासाठी थोडे मिश्रण आणि कुठे पडले ते वरून दिसावे म्हणून लोहाची लाल माती. पाणी वाळून जाते, हे मात्र गवताला चिकटून राहते आणि ते गवत पेटू देत नाही. मुलाला हे ऐकून हसू आले. "म्हंजे खत टाकतात?" खतच. मात्र ओढ्या-नदीत पडले तर मासे मरतात, म्हणून तिथे पाण्यापासून अंतर राखायचा नियम आहे.

आणि आता ती गोष्ट, जी मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटात दिसत नाही. हे विमान आगीवर पाणी टाकत नाही. आगीच्या पुढे टाकते. जिकडे आग जाणार तिकडे आडवा पट्टा ओढून ठेवते, म्हणजे आग तिथे येऊन मंदावते. तेवढ्या वेळात जमिनीवरची माणसे कुदळ, फावडे, करवत घेऊन पोहोचायला हवीत. ती पोहोचली नाहीत तर आग थोड्या वेळाने पट्टा ओलांडते आणि ते सगळे खत फुकट जाते. आग विझवतो तो पायी चालणारा माणूस. विमान त्याला फक्त थोडा अवधी मिळवून देते, तोही जीव धोक्यात घालून. जानेवारी 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात असे एक सी-130 कोसळून तिघे अमेरिकन गेले. फेब्रुवारी 2023 मध्ये त्याच देशात प्रवासी बोइंग 737 चे बनवलेले पाणीविमान पडले. दोन्ही वैमानिक चालत बाहेर आले, अल्लाहची मेहर. आणि जाता जाता, ज्यांच्या घरात ड्रोन उडवणारी मुले आहेत त्यांच्यासाठी: जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या आगीवर काम करणाऱ्या कॅनडाच्या विमानाला कोणा हौशी माणसाचा ड्रोन धडकला, पंखाला भोक पडले आणि ऐन आगीत ते विमान जमिनीवर बसवावे लागले.

आपल्याकडे काय आहे? जेट नाही. पण आकाशातून पाणी पडलेच नाही असेही नाही, आणि तेही फार लांब नव्हे. मार्च 2023 मध्ये गोव्याच्या सत्तरी भागात म्हादई अभयारण्यात आगी लागल्या, आज इथे तर उद्या तिथे. काजूचे दिवस होते. ज्यांची वर्षाची कमाई काजूच्या बोंडावर असते त्यांच्या बागांपर्यंत झळ पोहोचली. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे आली. दोराला टांगलेली मोठी नारिंगी बादली तलावात बुडवायची, भरून आणायची आणि आगीवर तळाची झडप उघडायची. हिला बांबी बकेट म्हणतात; हीसुद्धा कॅनडाचीच. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरखाली ती एका खेपेला साडेतीन हजार लिटरच्या आसपास पाणी नेते. 2016 आणि 2024 मध्ये उत्तराखंडात भीमतालाचे पाणी अशाच बादल्यांनी नैनितालच्या जंगलावर पडले. जेटपेक्षा पाणी कमी, पण तलाव जवळ असला तर खेपा भराभर होतात आणि धावपट्टी लागत नाही. आमच्याकडे बारवी धरण आहे. नकाशावर बोट ठेवून मुलांनीच हे दाखवले.

गोव्यातही दिवसचे दिवस डोंगर चढत होते ते वनरक्षक, अग्निशमनाचे जवान आणि गावकरी. वर्तमानपत्रात फोटो मात्र हेलिकॉप्टरचा आला. त्यात कोणाचा दोष नाही, फोटो तोच चांगला येतो.

विमाने घेतली की प्रश्न सुटला असे वाटणाऱ्यांनी तुर्कस्तानकडे पाहावे. जुलै 2021 च्या अखेरीस तिथे मनावगातपासून दक्षिणेच्या किनाऱ्यावर भयंकर वणवे पेटले. तुर्की हवाई संस्था ही तिथली 1925 पासूनची संस्था. तिच्याकडे आगीवर पाणी टाकणारी विमाने होती, पण ती देखभालीविना हँगरात उभी. सरकार म्हणे ती जुनी झाली, लोक म्हणत ती दुरुस्त का केली नाहीत. शेवटी अझरबैजान, स्पेन, क्रोएशिया अशा देशांची मदत घ्यावी लागली. रशियाकडून आलेले एक विमान 14 ऑगस्टला डोंगरावर आदळून त्यातले आठही जण मृत्युमुखी पडले.

या संस्थेची एक गोष्ट आमच्या वाचकांना विशेष वाटेल. तिची मिळकत कशाची होती? कुर्बानीच्या कातड्यांची. बकरी ईदला जमा होणारी कातडी या संस्थेनेच गोळा करावीत असा तिथे कित्येक दशके कायदाच होता. 2013 मध्ये ती मक्तेदारी गेली. म्हणजे कोणा म्हाताऱ्या आजीने दिलेल्या बकऱ्याच्या कातड्याचे पैसे फिरत फिरत जंगलावर पाऊस होऊन पडत होते. लोकांना हा कायदा आवडत होता असे नव्हे. आपली कुर्बानी, तिचे कातडे कोणाला द्यायचे ते सरकारने का सांगावे, असे अनेकजण म्हणत, आणि आम्हालाही ते पटते. पण वाचून आम्ही जरा वेळ थांबलो खरे. आपल्याकडे कातडी मदरशाला जातात. हल्ली तर त्यांना भावच उरला नाही. मिठाचा खर्च निघत नाही म्हणून घ्यायलाही कोणी येत नाही.

तर, मुलाच्या प्रश्नाकडे परत. ते विमान आपल्याकडे का येत नाही?

खर्च हे कारण आहेच, पण ते शेवटचे. पहिले कारण आपल्या वणव्याचा स्वभाव. तिकडे सूचिपर्णी झाडांच्या शेंड्याशेंड्यांतून आग आठवडेच्या आठवडे चालते. आपल्या सह्याद्रीत पेटते ते वाळलेले गवत आणि पानांचा पाचोळा. आग कमरेइतकी, पण वारा असला की पळती. चार-सहा तासांत डोंगर काळा करून ती स्वतःच विझते. जेटला आधी तळावर खत-पाणी भरायचे, उडायचे, वाट दाखवणाऱ्याची वाट पाहायची. तोवर इथे राख झालेली असते. मुंबईचा विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे, नवी मुंबईचाही आता झाला, पण तो गवताला काय कामाचा? मोठ्या, हटून बसलेल्या आगीसाठी हेलिकॉप्टर आणि बादली राज्याच्या हाताशी तयार असावी, असे आमचे मत आहे. त्यासाठी दरवेळी दिल्लीपर्यंत विनंती जावी लागू नये. पण वाडीच्या वरचे गवत वाचवायचे असेल तर उत्तर दुसरीकडे आहे.

ते आहे जाळरेषा. पावसाळा संपून गवत वाळू लागले की डोंगराच्या उतारावर ठरावीक रुंदीचा पट्टा कापून किंवा देखरेखीखाली जाळून मोकळा करायचा, म्हणजे आगीला पुढे खायला काही मिळत नाही. वनखाते हे फार जुन्या काळापासून करत आले आहे. विमान लाल रंगाने जे ओढते तेच हे कोयत्याने ओढायचे, तेही आग लागण्याच्या चार महिने आधी. आणि विमानाची रेघ एका दिवसाची असते, ही अख्ख्या उन्हाळ्याची.

आग लागते कशी यावरही बोलले पाहिजे. आपोआप लागलेला वणवा आपल्याकडे क्वचितच. कोणी नवे कोवळे गवत यावे म्हणून पेटवतो, कोणी सशा-डुकराच्या मागे, कोणी विडी टाकतो. सुट्टीच्या दिवशी डोंगरावर येऊन चिकन भाजणारे आमचे शहरी भाईबंद निखारे तसेच सोडून जातात. त्यांत आपल्या मोहल्ल्यातली पोरेही असतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. शिवाय राब. कोकणात भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची जुनी रीत आहे. शेतकरी बांधाशी उभा राहून राब भाजतो, पण वारा सुटला तर ठिणगी बांधाला विचारत नाही. वाडीवाल्यांना "तुम्हीच जाळता" असे म्हणणारे साहेब आम्ही ऐकले आहेत. त्या रात्री फांद्या घेऊन कोण उभे होते ते आता आम्हाला ठाऊक आहे. राखीव वनात आग लावणे 1927 च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. तो शहरातून येणाऱ्यालाही लागू आहे.

आग दिसली तर काय करावे? आम्ही त्या संध्याकाळी कपडे गोळा करून खाली उतरलो, तसे करू नये. महाराष्ट्र वनविभागाची 1926 या क्रमांकावर हॅलो फॉरेस्ट नावाची सेवा आहे. तो आकडा आमच्या घरात आता फ्रिजवर चिकटवला आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे ठिपके टिपते आणि नाव नोंदवलेल्या कोणालाही मोबाइलवर संदेश पाठवते. उपग्रह मध्येच येतो-जातो, गच्चीवरचा माणूस मात्र रोज संध्याकाळी तिथेच असतो.

हे सगळे त्या मुलाला दोन-तीन मधल्या सुट्ट्यांत सांगून झाले. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "बा म्हनतो इमान नको, बूट पायजेत."

ईदनंतरच्या रविवारी आम्ही वाडीवर गेलो. शिरखुर्म्याचा डबा घरातून बजावून दिला होता. वडील खाटेवर बसले होते, पायाला पट्टी. आम्ही विचारले, गमबूट आणून देऊ का? ते हसले. रबर चालत नाही मास्तर, चपलेसारखेच चिकटते. चामड्याचे पाहिजेत, जाड तळाचे. आणि पाठीवर घ्यायचा फवारणीचा पंप मिळाला तर उत्तम; दोघांनी पंप मारायचा, मागून चौघांनी झोडपायचे, पाणी घरच्या विहिरीचे. त्यांनी एका कार्यालयात हे सांगून पाहिले होते. अर्ज लिहून आणा म्हणाले. अर्ज कसा लिहायचा ते सांगितले नाही. तो अर्ज आम्ही तिथेच खाटेवर बसून लिहिला, मुलाकडून पक्का करून घेतला. शुद्धलेखनाच्या चार चुका निघाल्या, त्याचे गुण कापले नाहीत.

बुटांचे मात्र अर्जाविना जमले. आमच्या मजल्यावरचे भाईजान अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात आहेत. तिथे कामगारांना चामड्याचे, पुढे लोखंडी वाटी असलेले सेफ्टी शूज मिळतात आणि नवे आले की जुने कोपऱ्यात पडतात. त्यांनी सहकाऱ्यांना विचारले. पहिल्या आठवड्यात पाच जोड आले, दुसऱ्यात आणखी चार. आमच्या दारात नऊ जोड बूट पाहून खालच्या खाला विचारून गेल्या की घरात मय्यत वगैरे तर नाही ना, एवढी माणसे कशाला जमली.

तळ शिवायला बाजारातल्या चर्मकार काकांकडे दिले. कशासाठी ते कळल्यावर त्यांनी दोन जोडांचे पैसे घेतले नाहीत. मुलाने वाडीतल्या सगळ्यांच्या पायांची मापे एका कागदावर लिहून आणली आहेत. सात आणि आठ नंबर पुरले. नऊ नंबरचे दोन जोड आणि बायांसाठी पाच नंबरचे तीन अजून हवे आहेत. कारखान्यात पाच नंबर मिळत नाही.